एका हाकेला दिलेली ओ

संपादकांनी माझ्याकडे भुताची गोष्ट मागितली. म्हणाले, "तुम्ही जन्मभर जंगलात काढलात, एखादी तरी असेलच." मी म्हटलं, भूत मला कधी दिसलं नाही. दिसलं असतं तर बरंच झालं असतं, कोणाशी तरी चार शब्द बोलता आले असते. ते हसले. मला काही हसू आलं नाही, कारण मी खरं तेच बोललो होतो. जंगलखात्याच्या नोकरीत माणसाला खातो तो एकटेपणा. वाघ बिचारा वाट सोडून जातो.

मी नाकेदार होतो. नाकेदार म्हणजे नाक्यावर बसून गाड्या अडवणारा आणि दोन पैसे खिशात टाकणारा, अशी गावातल्या लोकांची समजूत. तसले होते, नाही म्हणत नाही. पण खरं काम वेगळं. जंगलाचा एक तुकडा नाकेदाराच्या गळ्यात बांधलेला असतो. त्यातला साग कोणी तोडला, बांबू पळवला, वणवा लागला, की साहेब त्याच्या मानेवर बसतो. काहीच झालं नाही तर साहेबाला त्याचं नावही आठवत नाही. माझी चौकी आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या डोंगरापलीकडे होती. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. बायको-मुलं गोंदियाजवळ कुडव्याला भावाच्या घरी. पावसाळ्यात नाले भरले की घरच्यांचं तोंड दिसायचं नाव नको.

सुरुवातीला मी स्वतःशी बोलू लागलो. मग स्वतःला उत्तरं देऊ लागलो. एकदा तर स्वतःशीच कडाक्याचं भांडण झालं आणि मी अबोला धरला. हे वाचून माझी बायको म्हणेल, ह्यांचं भिंतीशीही जमलं नसतं. खरं आहे. माझा स्वभाव तापट. डोकं फिरलं की कोण समोर आहे ते मी पाहत नसे, मग तो साहेब असो की अस्वल.

एका हिवाळ्यात रोज दिवस कलताना चौकीमागे कोणीतरी खोकायचं. म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा कोरडा खोकला. मी कुऱ्हाड घेऊन बाहेर येई, तर कोणी नाही. आठवडाभर मी कुऱ्हाड उशाशी घेऊन झोपलो. शेवटी कळलं, मागच्या अर्जुनाच्या झाडावर एक म्हातारं वानर येऊन बसत होतं, आणि मला पाहून ते खकत होतं. भीती गेली. पण खरं सांगतो, मन खट्टू झालं. कोणी माणूस असेल तर त्याला आत बोलावून चहा पाजावा, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

फागुन सरला की आमच्या जिवाला घोर. जंगल वाळून कोळ झालेलं असतं. हिवाळ्यातच आम्ही जाळरेषा करून ठेवत असू. म्हणजे जंगलातून लांबच लांब पट्टा साफ करायचा, त्यावरचं गवत आपणच जाळून टाकायचं, म्हणजे वणवा तिथवर येऊन उपाशी मरतो. आणि वणवा लावणारा कोण? बिडीवाला नव्हे, गुराखीही नव्हे. मोह. चैतात मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. पालापाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून बाया आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळून जागा लख्ख करतात. वीतभर आग. वारा पडलेला असला तर ठीक, नाही तर अख्खा डोंगर. सरकार म्हणे आग लावू नका. बाया म्हणत, "मंग फुलं का सरकार येचून देते?" दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि मधे मी होतो.

आगीवर नजर ठेवायला माझ्या हाताखाली चैतू नावाचा वाचर होता. उतारवयाचा, कमी बोलणारा. बोललाच तर असं काही बोलायचा की मी रात्रभर तेच चघळत बसे. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं मला बजावलं होतं, "बाबूजी, जंगलात एका हाकेले ओ द्याची नाइ. मानूस असन तं दोनदा, तीनदा हाक मारते. ते एकदाच मारते आन वाट पाहून राहते."

"ते म्हणजे कोण?"

"ते म्हंजे ते," चैतू म्हणाला आणि चिलीम भरू लागला. त्या मुलखातली सगळी गावं हा नियम पाळत. मोह वेचणाऱ्या बाया एकमेकींना नेहमी तीनदा हाक मारत, आणि तिसरी झाल्याशिवाय पलीकडून ओ येत नसे. मीही पाळत होतो. मनात म्हणे, खुळचटपणा आहे, आणि तोंड बंद ठेवी.

ज्या सालची ही गोष्ट, त्या चैतात आमच्या जंगलाला मोठा वणवा लागला. कोणाच्या झाडाखालून निघाला ते शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही. आम्ही हिरव्या फांद्या घेऊन झोडपत होतो, पण वारा फिरला आणि सारे पळाले. जाळरेषेवर आग थांबली तेव्हा जवळच्या गावातली एक बाई परत आलेली नव्हती. कौतिका तिचं नाव. नवरा दसरू, दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, करणारा. घरात त्याची म्हातारी आई आणि आठेक वर्षांची मुलगी बयना. आग दिसताच कौतिकानं बयनेला आजीबरोबर पळवलं होतं, आणि आपण टोपली आणायला मागं वळली होती. दुसऱ्या दिवशी तिची अर्धी जळलेली टोपली सापडली. बाई सापडली नाही.

दसरूनं आणि गावातल्या लोकांनी दिवसभर शोधलं, नाही असं नाही. पण राख गुडघ्याएवढी आणि दगड तापलेले. संध्याकाळी त्यांनी टोपलीजवळची मूठभर राख कापडात बांधली आणि तिचीच म्हणून तलावात सोडली. दसरूनं डोकं भादरलं. मी म्हटलं, "अरे, हाडं तरी सापडू द्या." लोक पाठ फिरवून घराकडे निघाले. ज्याच्या घरचं माणूस जळलं त्याच्याशी नाकेदारानं हुज्जत घालू नये एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

वणवा विझला म्हणजे काम संपलं असं नसतं. जाडे ओंडके आतून दिवसेंदिवस धुमसतात आणि वारा आला की पुन्हा पेटतात. त्यांच्यावर माती लोटत फिरावं लागतं. पुढच्या दिवशी दुपारी चैतू आणि मी नाल्याच्या अलीकडे तेच करत होतो; पलीकडच्या काठावर आगीतून वाचलेला गावचा मोह वाळत पडला होता. काळं रान, पानं नाहीत, पाखरू नाही. आमच्या पावलांचा आवाजसुद्धा राखेत बुडत होता. आणि नाल्याच्या बाजूनं हाक आली.

"बयनेऽऽ."

एकदाच. चैतू मटकन खाली बसला आणि त्यानं पटक्याचं टोक दोन्ही कानांवर ओढून घेतलं. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, माझ्या अंगावर काटा आला. वाचक हो, भीती कशी असते ते सांगतो. छाती धडधडते वगैरे नाटकात असतं. माझी जीभ कोरडी पडली आणि मला एकाएकी लघवीला झाली. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राहिलो. दुसरी आली नाही. आम्ही दोघं किती वेळ तसेच होतो कोणास ठाऊक. फार वेळानं पुन्हा आली, तशीच, तेवढीच.

"बयनेऽऽ."

"पाहा," चैतू पुटपुटला, "एकच. वाट पाहून राहिली. चला बाबूजी, मागं पाहू नोका."

मी फार धाडसी, म्हणून पुढे गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला राग आला. ह्या रानाचा राग आला, चैतूचा आला, आपण लहान पोरासारखे कापतो आहोत ह्याचा आला. असा कसा एकदाच हाक मारून गप्प बसतो हा, जो कोणी आहे तो? मी बोंबललो, "कोण आहे ते? ओ! ओ देतोय मी, ओ! आता काय करायचं ते कर."

चैतूनं माझ्याकडे पाहिलं ते मेलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग नाल्याकडून दोन दगड आपटल्याचा आवाज आला. मी त्या आवाजाच्या मागानं गेलो. नाल्याच्या काठावर दोन मोठ्या खडकांच्या मधे एक अरुंद भेग होती, माणूसभर खोल. त्यात कौतिका होती. आगीपासून पळताना पडली होती आणि पाय मुरगळून खाली अडकला होता. काजळीनं तोंड काळं, ओठ फुटलेले. खडकातून पाणी झिरपत होतं, ते चाटून जगली होती. एकदा हाक मारली की घसा असा सुकायचा की पुन्हा बराच वेळ ते पाणी चाटल्याशिवाय आवाज फुटत नसे. एवढंच कारण होतं त्या एका हाकेचं.

तिनं वर पाहिलं. आनंद वगैरे काही नाही. म्हणाली, "तुमी काऊन आले? बयनी कोठी हाय?"

चैतूनं डोक्याचा पटका सोडला, लांबूनच जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "घ्या. मले वापस नोको." त्या पटक्यानं मी तिला एकट्यानं वर ओढलं. आधी खाली उतरून पाय सोडवला, तेव्हा तिनं वेदनेनं माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला. मग मी तिला पाठीवर घेतलं. चैतू पुढे निघून गेला होता. तो मदत आणायला गेला असं मला वाटलं. तो गावाला सावध करायला गेला होता.

गावात शिरलो तर आंगणं रिकामी, दारं लावलेली. दसरूच्या दारात म्हातारी उभी होती, हातात भूत हाकलायला पेटवलेल्या मिरचीचं धुपाटणं. दसरू मागे, भादरलेलं डोकं, डोळे लाल. कौतिकानं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. आपल्या मरणाचं सुतक तिला तिथं कळलं. मग दाराच्या फटीकडे पाहून ती म्हणाली, "बयने." आत पोरीचे पाय दिसत होते. पोर हलली नाही.

"ते आमची कौतिका नोहे जी," दसरू म्हणाला. रडत होता तो, खोटं नाही. "आमी तिची राख सोडली. हे तुमच्या मागं आली. तुमी ओ देल्ली, आता तुमीच न्या."

माझं डोकं फिरलं. मी अख्ख्या गावाला शिव्या घातल्या आणि शेवटी खाकी कोटावरचा बिल्ला दाखवून ओरडलो, "सरकारी हुकूम आहे. हिला घरात घ्या, नाही तर एकेकाला मोहाच्या आगीपायी आत टाकतो." असा हुकूम कुठलाही नव्हता. पण सरकारची भीती भुताच्या भीतीपेक्षा जरा मोठी निघाली. म्हातारी दारातून बाजूला झाली. मी कौतिकेला पडवीत टेकवलं आणि आपण मोठं काम केलं अशा ऐटीत चौकीवर परतलो.

घर मिळालं तिला. दसरू वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, रोवणीत तिच्या शेजारी वाकून धान लावलं. पण तिच्याकडे पाठ करून तो पुन्हा कधी बसला नाही. ती पडवीतच निजे. तिचं ताट वेगळं. म्हातारी मेली तरी ते वेगळंच राहिलं. आणि बयना तिच्या हातचं जेवत होती, सांगितलेलं काम करत होती, पण हाकेला ओ देत नव्हती. एकदा मारा, दहादा मारा. पोर उठून समोर येऊन उभी राही, तोंडानं ओ नाही.

माझ्याकडेही लोक येईनासे झाले. दूधवाली भांडं कुंपणाबाहेर ठेवून जाऊ लागली. चैतूनं साहेबाला सांगून दुसरं जंगल मागून घेतलं. जाताना माझ्या पाया पडला, आणि तेही लांबूनच. वाटसरू पूर्वी विडी पेटवायला चौकीवर थांबत, ते आता पलीकडच्या वाटेनं जाऊ लागले. आधीच एकटा होतो, त्यात ही भर. मी हसण्यावारी नेत असे. पण संध्याकाळी कवेलूंवर सावली आली की मला वाटे, कोणीतरी येऊन मला शिव्या दिल्या तरी चालेल.

पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांत कौतिका लंगडत चौकीवर आली. पानाच्या द्रोणात चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणली होती. दारात बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "बाबूजी, तुमी मले काहाडलं, तवा मी जिती होती ना?"

मला थट्टा वाटली. म्हटलं, "माझ्या खांद्याला विचार. मेलेली बाई असं चावते का?" ती हसली आणि गेली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आली. तोच द्रोण, तोच प्रश्न. तेव्हा मात्र मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"असं काऊन विचारतेस बाई?"

"घरचे सारे तसेच पाह्यतेत," ती म्हणाली. "रोजच पाह्यतेत. मंग मलेही वाटून राहते, का घरच्यायचंच खरं असन. तुमीच एक होते तेथी. तुमाले नाइ विचारू तं कोनाले विचारू?"

"जिती होतीस. मी सांगतो ना, जिती होतीस."

एवढं ऐकायला ती दर चैताला येई. एवढंच तिला लागे, मग वर्षभर पुरे. आणि खोटं कशाला सांगू, तिचा प्रश्न माझ्याही डोक्यात घर करू लागला. ज्या गोष्टीला दोनच साक्षी, त्यातला एक स्वतःवर संशय घेतो आणि दुसरा जंगलात एकटा बसलेला, ती गोष्ट किती दिवस खरी राहणार? कधी कधी संध्याकाळी मी खांद्यावरचा वण चाचपून पाहत असे. तो असे, म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहिलं असं मी समजतो.

मग माझी बदली गोंदियाच्या लाकूड डेपोत झाली. घरी आनंदीआनंद. वर्षानुवर्षं ज्या बदलीसाठी मी साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या, ती मिळाली आणि मला पहिली आठवण कौतिकेची झाली. आता ही कोणाला विचारणार? दसरूला सांगण्यात अर्थ नव्हता. तो थकला होता, आणि त्यानं त्याचं ठरवून टाकलं होतं. राहिली बयना. तिचं लग्न झालं होतं, दिवाळीनंतर सासरी जायची होती. मनात म्हटलं, पोर जाण्याआधी एकदा तिच्या तोंडून आईला "होतीस" एवढं ऐकू येऊ दे. कौतिकेला मग नाकेदाराची गरज उरणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आंगणात गेलो. बयना सुपात तांदूळ पाखडत होती. मी टेकलो आणि सरळच बोललो. मला आडून बोलता येत नाही.

"बयने, मी उद्या चाललो. तुझी आई दरसाल माझ्याकडे येऊन काय विचारते, तुला ठाऊक आहे?"

"हाय ठाऊक."

"आता तिला तू सांगायचं."

सूप चालूच राहिलं. "मी काय सांगू बाबूजी? मी तं पाह्यलं नाइ."

"तूही हाक ऐकली असशील. नाल्याकाठी तुमचा मोह वाळत घातला होता, तिथवर ती ऐकू जाणारच. ती माणसाची हाक होती, तुला कळलं नाही का?"

सूप थांबलं. तिनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी हलका होता. "पहिल्या खेपी आजीनं माह्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या रोजी आजी नव्हती जी. मी एकलीच मोह राखून राहिली होती. मले वळखू आला आवाज. आईचाच होता. मी चूप बसली."

"तू लहान होतीस, बयने."

"ते जिती होती असं मी म्हनलं," पोर म्हणाली, "तं मंग मी काय केलं, बाबूजी?"

 इतकी वर्षं मी हिला दगड समजत होतो. पोर आईला ओ देत नव्हती ती भुताला भिऊन नाही. एकदा ओ दिली की ती आई ठरणार होती, आणि आई ठरली की ती दुपार पोरीच्या उरावर येऊन बसणार होती. हे एवढंसं लेकरू आठव्या वर्षापासून एकटंच ते सांभाळत होतं, आणि मी त्याला साक्ष द्यायला सांगत होतो.

मागे घागर टेकल्याचा आवाज झाला. कौतिका पाणी घेऊन आली होती आणि दाराशी उभी होती. केव्हापासून, कोणास ठाऊक. लंगडत आली, लेकीच्या समोर बसली आणि तिच्या मांडीवरचं सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

"पोरीले कायले विचारता बाबूजी," ती म्हणाली. "मी तेथीच मेली होती." मग तांदूळ सारखे करत बयनेला म्हणाली, "तुवा बरं केलं, बाई. ओ देल्ली नाइ ते बरंच केलं."

बयनानं आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "खरं व्हय, बाबूजी?"

कौतिका सुपात बघत होती, पण तिचे हात थांबले होते. दर चैताला जे ऐकायला ती डोंगर चढून येत होती, ते मी सांगू नये म्हणून थांबले होते.

"हो," मी म्हटलं. "मीच काढली ना. जीव नव्हता तिच्यात."

पोरीचा चेहरा हळूहळू पिळवटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून सरकली, तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडू लागली. कौतिका तिला थोपटत राहिली. मी उठलो, आंगणातून बाहेर पडलो, तरी तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.